मूलपेशींचा उपचार विदर्भात कुणापर्यंत पोचणार?

मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडतात त्या पेशी. त्यांच्यावरच्या संशोधनाच्या नैतिकतेचा विषय निघाला की आपल्याकडचे लेख, परिसंवाद आणि स्पर्धा परीक्षेतले निबंधसुद्धा एकाच वाटेने जातात. भ्रूणाला जीव मानायचं का, आणि मानलं तर त्यातून पेशी काढणं ही हत्या ठरते का? वाद खरा आहे, पण तो पेटला अमेरिकेत. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या काढून वाढवल्या. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अशा संशोधनाला मिळणाऱ्या सरकारी पैशावर मर्यादा घातल्या आणि पुढे कित्येक वर्षं तिथलं राजकारण त्यावर तापत राहिलं. नागपुरात राहून, आजूबाजूच्या घरांतला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बघत असताना मला मूलपेशींचा मोठा नैतिक प्रश्न दुसराच दिसतो. जो उपचार सिद्ध झालाय तो गरजूला परवडत नाही, आणि जो सिद्ध झालेला नाही तो पैसे मोजले की कुठेही मिळतो. या संशोधनाची नीती तपासायची तर ती इथे तपासली पाहिजे.

आधी सिद्ध काय आहे ते बघू. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी बोन मॅरोत, म्हणजे हाडांतल्या मगजात असतात. त्या बदलल्या की रक्त बदलतं. सख्ख्या भावंडाची मॅरो देऊन मुलाला जन्मजात आजारातून बरं करणं १९६८ मध्येच अमेरिकेत शक्य झालं, आणि मॅरो प्रत्यारोपणाचा पाया घालणाऱ्या डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे ज्याला आपण भविष्यातलं वैद्यक म्हणतो त्याचा एक मोठा हिस्सा अर्ध्या शतकाहून जुना आहे. आणि नेमका तोच हिस्सा विदर्भाच्या सगळ्यात जास्त कामाचा आहे.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ‘वाहक’ आणि ‘ग्रस्त’ हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि बौद्ध समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि नागपुरातल्या जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमिया या रक्ताच्याच आनुवंशिक आजाराची धास्ती. आई-बाबा दोघं वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून दोघांच्याही अंगात सदोष जनुक असलं, की प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल तेवढं बदललेलं असतं. त्या एका बदलामुळे, रक्तातला प्राणवायू कमी झाला की, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. मग जे दुखणं उठतं त्याला क्रायसिस म्हणतात. डिसेंबरातल्या थंडीत, किंवा मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की तो हमखास येतो. दहा वर्षांचं पोर गुडघे पोटाशी घेऊन पडलेलं असतं, चादरीचा स्पर्शही त्याला सोसत नाही, आणि आई पाय चेपायला हात पुढे करते नि मागे घेते, कारण चेपलं तरी दुखतं. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने अनेकांचे क्रायसिस कमी होतात, ती स्वस्तही आहे आणि प्रत्येक ग्रस्ताला नियमित मिळायलाच हवी. पण ती आजार मुळातून काढत नाही. मॅरो प्रत्यारोपण काढतं.

किती खात्रीने? सिकलसेलच्या १,००० रुग्णांना जुळणाऱ्या भावंडाची मॅरो किंवा नाळेतलं रक्त दिल्यानंतर काय झालं, याचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक जिवंत होते, आणि लहान वयात प्रत्यारोपण झालेल्यांचे निकाल अधिक चांगले होते. भावंड स्वतः वाहक असलं तरी दाता होऊ शकतं. अर्थात धोके आहेत. जुनी मॅरो नष्ट करायला आधी केमोची औषधं द्यावी लागतात, त्यांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, जंतुसंसर्ग होतो, दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. आईबापांना हे सगळं सांगूनच निर्णय घ्यायचा असतो. पण निर्णयापर्यंत पोचतंय कोण? जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण करायचं म्हटलं तरी भारतात खर्च साधारण १० ते १५ लाखांच्या घरात जातो, शिवाय मोठ्या शहरात काही महिने राहणं आलं आणि बापाचा रोज बुडणं आलं.

थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाने २०१७ पासून सामाजिक जबाबदारीच्या निधीतून १० लाखांपर्यंत मदत देणं सुरू केलं. योजना चांगली आहे, तिने मुलं वाचली आहेत. याच कोल इंडियाची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी नागपुरात बसते. ज्या वणी-चंद्रपूर-उमरेड भागाच्या पोटातून तिचा कोळसा निघतो, त्या भागाच्या रक्तात सिकलसेल आहे. मग या आजारासाठी, याच जिल्ह्यांसाठी, तेवढ्याच ताकदीची वेगळी योजना मागण्यात गैर काय? ही भीक नाही, जमिनीचा मोबदला आहे.

सिद्ध झालेलं आणखी एक उदाहरण मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण त्याचा संबंध आपल्या पानठेल्याशी आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागणारा चुना घरात पुडीत नाहीतर ट्यूबमध्ये पडलेला असतो. लहान मूल ती पुडी दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुन्याने बुबुळाच्या कडेला असणाऱ्या मूलपेशी जळतात. याच पेशी बुबुळावरचा पारदर्शक थर आयुष्यभर नव्याने घडवत असतात. त्या गेल्या की बुबुळ पांढुरकं होतं, त्यावर रक्तवाहिन्या चढतात, आणि नुसतं नेत्रदानातलं बुबुळ बसवूनही ते टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेवरून दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे. जळलेल्या बुबुळावर गर्भवेष्टनाचा पातळ पडदा अंथरायचा, त्यावर हे कण पेरायचे आणि रक्तापासून बनणाऱ्या डिंकाने चिकटवायचे. पुढच्या काही आठवड्यांत कणांतल्या मूलपेशी पसरतात आणि बुबुळ झाकतात. पेशी वाढवायला कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. नागपूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर, गरिबाच्या घरातल्या अपघातावर शोधलेला हा इलाज आज जगभर वापरला जातो. मूलपेशींकडून मला जी आशा आहे ती अशी आहे, आणि म्हणून या संशोधनाला सरसकट थोतांड म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

आता दुसरी बाजू. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही प्रसूतितज्ज्ञाच्या दवाखान्यात सातव्या-आठव्या महिन्याच्या बायका रांगेत बसलेल्या असतात, तिथे नाळेतलं रक्त साठवण्याची पत्रकं हातात पडतात. गुळगुळीत कागदावर हसरं बाळ, खाली ऐंशी आजारांची यादी, शेवटी हप्त्यांची सोय. सांगणारी मुलगी नम्रपणे विचारते, “ताई, बाळाच्या सुरक्षेसाठी एवढं तर कराल ना?” या प्रश्नाला नाही म्हणणं पहिलटकरणीला फार जड जातं. शेजारी बसलेली सासू नवऱ्याकडे बघते, नवरा मोबाइलवर हिशेब करतो, आणि सही होते.

नाळेतल्या रक्तात मूलपेशी असतात हे खोटं नाही. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन एका मुलाचा रक्ताचा आजार बरा केला होता. फसवणूक आहे ती ‘स्वतःसाठी साठवा’ या सांगण्यात. बाळाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर त्याच्या नाळेतल्या रक्तातही तोच दोष असणार, ते त्याच्या काय कामाचं? रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर सहसा दुसऱ्याच्या पेशी पसंत करतात. मुलाला स्वतःचंच साठवलेलं रक्त पहिल्या वीस वर्षांत लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के सांगितली जाते, म्हणजे फार तर दहा हजारांत चार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना या दोघांनीही अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. ज्या घरात थोरलं मूल आधीच ग्रस्त आहे, तिथे धाकट्याच्या नाळेतलं रक्त ठेवणं शहाणपणाचं आहे, आणि तिथे तो खर्च सरकारने करावा. पत्रकावरच्या हसऱ्या बाळाच्या घरात ती गरज नसते.

आणखी एक गोष्ट पत्रकात नसते. बाळ जन्मल्यावर नाळ किमान एक मिनिट कापू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्या मिनिटांत वारेतलं रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. पिशवी भरायची तर हेच रक्त हवं असतं. ज्या विदर्भात आया आणि लेकरं रक्तक्षयाने फिकट पडलेली आहेत, तिथे बाळाचं रक्त बाळालाच मिळू द्यावं असं मला वाटतं.

याहून वाईट प्रकार ‘स्टेमसेल थेरपी’ नावाने चालतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची दुखापत, पार्किन्सन, गुडघेदुखी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या आजारांवर एकच इलाज. कमरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून पेशी काढायच्या, थोडी प्रक्रिया करायची आणि पाठीच्या कण्यात टोचायच्या. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकीसाठी बेसा रोडवरचा प्लॉट विकला. तीन इंजेक्शनांनंतर तिचं चालणं होतं तसंच राहिलं. चौथं घ्या, फरक दिसेल, असं त्यांना सांगण्यात आलं. दरम्यान फिजिओथेरपी सुटली होती, कारण तिच्यासाठी पैसेच उरले नव्हते. चुकीच्या उपचाराने जे नुकसान होतं त्यात हे खऱ्या उपचाराचं सुटणंही मोजायला हवं.

कायदा इथे मुका नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा इतर वापर हा संशोधनच मानला जातो आणि तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. ऑटिझमवर मूलपेशींचे उपचार करणं, त्यांचा प्रचार करणं आणि जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. देशातली प्रत्येक औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत टाकावी लागते आणि ती नोंदणी कुणालाही मोबाइलवर उघडून बघता येते. चाचणीत सामील होणाऱ्याकडून चाचणीच्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, उलट इजा झाली तर भरपाई द्यायची असते. म्हणून जो कुणी दोन-तीन लाखांचं बिल हातात देऊन “हे संशोधन आहे” म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नोंदणी क्रमांक मागा, आणि पैसे कशाचे ते लेखी मागा.

यावर एक उत्तर मला अनेकदा ऐकावं लागतं, आणि ते देणारे बहुतेक आईबापच असतात. पोर आमचं, पैसा आमचा, दुसरा काही इलाज नाही, मग आम्ही प्रयत्न केला तर तुमचं काय जातं? या प्रश्नापुढे मला नम्र व्हावंसं वाटतं, कारण रात्ररात्र जागणारे ते आहेत. पण प्रयत्न करण्याचं स्वातंत्र्य खरं असेल तर समोरच्याने खरं सांगितलेलं असायला हवं. ‘चाळीस टक्के सुधारणा’ असं सांगणारा ती कशी मोजली, कुणाशी तुलना केली, ज्यांना फरक पडला नाही ते किती, हे सांगत नाही. लहान मूल वाढतं तसं काहीसं सुधारतंच, त्याचं श्रेय इंजेक्शनाला जातं. आणि ‘काही नुकसान तर नाही ना’ हेही खरं नाही. फ्लोरिडात डोळ्यांच्या आजारासाठी पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन बायकांची दृष्टी गेल्याचं २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते. स्वातंत्र्याचा हवाला देऊन अशा दवाखान्यांना मोकळं सोडणं म्हणजे आईबापांच्या हतबलतेवर दुसऱ्याला व्यापार करू देणं आहे.

भ्रूणाच्या प्रश्नावर माझं मत थोडक्यात सांगतो. टेस्टट्यूब बेबीच्या उपचारात उरलेले, जोडप्याने स्वतःहून दिलेले भ्रूण संशोधनाला वापरण्यात मला गैर दिसत नाही. ते नाहीतर टाकूनच दिले जातात. चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवायचा नाही ही आपल्या नियमातली सीमा योग्य आहे. शिवाय २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या, आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशीला मागे नेऊन मूलपेशीसारखं करून दाखवलं, त्यासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. २०१४ मध्ये जपानमध्ये अशा पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर एका महिलेच्या डोळ्यात बसवलाही गेला. त्यामुळे भ्रूणावरचा भार बराच हलका झालाय. मला काळजी अशा संशोधनासाठी भ्रूण बनवायला लागणाऱ्या स्त्रीबीजाची जास्त वाटते. कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचा मूलपेशींवरच्या बनावट संशोधनाचा घोटाळा २००५-०६ मध्ये उघड झाला, तेव्हा हेही कळलं की त्यांनी आपल्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ स्त्रियांची बीजं वापरली होती. ‘नाही’ म्हणणं ज्यांना परवडत नाही अशांची संमती ही संमती असते का? टेस्टट्यूब बेबीसारख्या उपचारांवरच्या आपल्या २०२१ च्या कायद्याने स्त्रीने आयुष्यात एकदाच बीजदान करावं असं बंधन घातलंय. गरीब वस्तीतल्या बाईला त्या बंधनाचं संरक्षण प्रत्यक्षात मिळतं का, हे बघणारी यंत्रणा जिल्ह्याच्या पातळीवर उभी करायला हवी. भ्रूणाच्या हक्कांवर तावातावाने बोलणारे या बाईबद्दल बोलत नाहीत.

आता काय करता येईल ते. भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाकी मुलांनी दाता शोधायचा कुठे? अर्ध्याच जुळणाऱ्या दात्याकडून, जसं आई किंवा बापाकडून, होणारं प्रत्यारोपण सुधारतंय, पण पूर्ण जुळणारा परका दाता मिळाला तर तोही मोठा आधार असतो. भारतात दात्यांची नोंदणी करणाऱ्या संस्था आहेत, मात्र १४० कोटींच्या देशात नोंदलेले दाते काही लाखच. त्यातही एक गुंता आहे. पेशींची जुळणी वंशपरंपरेने येते, आणि आपण शतकानुशतकं जातीत, पोटजातीत लग्नं करत आलो. त्यामुळे गोंड मुलाचा दाता गोंडांत आणि बौद्ध मुलाचा बौद्धांत सापडण्याची शक्यता अधिक. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांत आणि कॉलेजांत नोंदणी करून ही मुलं वाचणार नाहीत. नागपूरला तर जागा शोधायचीही गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, पुस्तकं घेऊन, वैचारिक भूक घेऊन येतात. तिथे गालाच्या आतून एक काडी फिरवून घेतली की नोंदणी होते. अठरा ते पन्नासच्या आतली दहा हजार तरुण मंडळी दरवर्षी नोंदली गेली तरी या देशातल्या एका वंचित समाजाची स्वतःची दात्यांची यादी उभी राहील. सिकलसेलच्या कामासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेले संपत रामटेके याच शहरातले. आजाराला समाजाचा प्रश्न मानण्याची सवय इथे आहे. गडचिरोलीच्या यात्रांत, आदिवासी मेळाव्यांतही हेच करता येईल. कोट्यवधी लोकांची सिकलसेल तपासणी करण्याची केंद्राची मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहेच, रक्ताच्या थेंबासोबत इच्छुकांची दाता-नोंदणीही तिच्यातच जोडावी.

दाता न लागणारा इलाजही दारात येऊन उभा आहे. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राने त्यांच्या जनुकात बदल करून गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचं आणि त्या परत द्यायच्या. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅसगेव्ही’ या अशा उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ १८ कोटी रुपये. अहेरीच्या बापाला हा आकडा सांगण्यातही अर्थ नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी प्रयोगशाळेने क्रिस्परवर आधारलेला स्वतःचा उपचार तयार केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ‘बिरसा १०१’ या नावाने पुढे आला, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार झाला. याचा मला मनापासून आनंद आहे. पण रुग्णांवरच्या चाचण्यांची वाट अजून चालायची आहे, आणि त्या चाचण्यांत सामील होणारे बरेचसे आदिवासीच असतील. संमतीपत्र त्यांना गोंडीत, माडियात समजावून सांगितलं जाईल का? केमोने वंध्यत्व येऊ शकतं हे सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेत कोण सांगेल? चाचणी संपल्यावर पुढची पंधरा वर्षं तिची तपासणी नागपुरात होईल की तिने दिल्लीला खेपा घालायच्या? आणि ज्यांच्या रक्तावर हा उपचार सिद्ध होईल, त्यांना तो कोणत्या दरात मिळेल? जनतेच्या पैशातून तयार झालेल्या औषधाची किंमत ते बाजारात यायच्या आधी करारात लिहून घेता येते, नंतर कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. विदर्भातल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेच्या पुढच्याच अधिवेशनात विचारायला हवा, आणि उत्तर येईपर्यंत दर अधिवेशनात विचारत राहायला हवा.